कामठ्याला चोळलेलं तेल

आज माझ्या थोरल्यानं भिंतीवरचा बापाचा कामठा, त्यांचं धनुष्य, काढला आणि मोहाचं तेल चोळत बसला. त्या वासानं मला ह्यांनी अंगणात तो तासला तो दिवस आठवला.

तेव्हाही शेताच्या बांधावरून ह्यांचं नि ह्यांच्या धाकट्या भावाचं बोलणं बंद होतं. पण कामठ्याचं लाकूड मुळातच उलट वाकलेलं. दोन्ही टोकं सारखी येतायत का, हे दोरी ओढणाऱ्याला दिसत नाही, समोरच्याला दिसतं. ह्यांनी दोरी ओढली आणि दीर न बोलावता येऊन ह्यांच्या छातीसमोर उभे राहिले.

"उजवी बाजू कडक शे भाऊ, अजून तास."

मला तेव्हा त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं.

आता तशाच बांधासाठी माझी दोन्ही मुलं एकमेकांविरुद्ध चोपड्याच्या कोर्टात जातात.

"कामठ्याचा बाक बघायला समोर कोण उभं राहील रे?" मी विचारलं.

थोरल्यानं एकट्यानंच दोरी चढवली.