वहिनींनी निवडलेला रंग

हिंगणीहून शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या घरी नुकताच जेवायला बसलो होतो. "तुमच्या वहिनी सकाळी उठल्याच नाई..." एवढंच ते बोलले. सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला. पुढच्या खोलीतलं किराणा दुकान चालवून वहिनींनी एकट्याने मुलाला, प्रकाशला शिकवलं. त्यांना जाऊन दीड महिना झाला, आणि मला सारखी आठवते ती त्यांच्या बैठकीची भिंत.

नव्वदीच्या शेवटी प्रकाशला पुण्यात नोकरी लागली. आता सून येणार म्हणून, दर दिवाळीला चुना खाणाऱ्या त्या बैठकीला पहिल्यांदाच डिस्टेंपर लावायचं वहिनींनी ठरवलं. शालिकराम पेंटरने भिंत खरवडून, लांबीने भेगा बुजवून चार रंगांचे वीतभर चौकोन मारून दिले... पिस्ता, आकाशी, गुलाबी आणि हळदी. "ओला रंग खोटा बोलते, बाई. वाळू द्या, मंग सकाळी, दुपारी अन् बल्बात पाहा," असं सांगून तो गेला. मी शनिवारी गेलो तर वहिनी दुकान सोडून भिंतीसमोर उभ्या. "भाऊजी, तुम्ही सांगा ना, कोणता चांगला दिसून राह्यला?" मी बसच्या घाईत होतो. म्हणालो, "कोणताही लावा ना वहिनी, भिंतच तं हाय." त्या हसल्या. "मंग राहू द्या. सून येईन तं तिले दाखवू. तिले आवडन तो लावू."

प्रकाशने पुण्यातच लग्न केलं, आणि ते आम्हाला पत्राने कळलं. सुनेला घेऊन तो आला तो तब्बल दोन वर्षांनी, तेही एका दिवसासाठी. मुलगी चांगली होती, मोकळी होती. चहा घेताना तिने सहज विचारलं, "आई, भिंतीवर हे डाग कसले?" प्रकाश पेपर चाळत होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "जुनी भिंत हाय माय, ओल आली अशीन." ते चौकोन सुनेसाठी राखलेले, हे ठाऊक होतं मला एकट्याला, आणि मीही गप्प बसलो. का, ते आजही सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात गेलो तर सगळी बैठक हळदी झालेली! गावात बायका कुजबुजत होत्या, विधवा बाईच्या घराला असला रंग कशाला म्हणून. मीही जरा बिचकतच विचारलं, "वहिनी, हाच काऊन?" त्या खाली बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सकाळी उठलं की हाच बरा वाटते मले. बाकीचे पाहुण्यायसाठी होते." मग तांदळातला एक खडा बाजूला टाकत, "आता कोणाले विचारत नाई मी, भाऊजी." त्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतरची सहा वर्षं दुपारी दुकान बंद करून वहिनी त्या बैठकीत एकट्याच बसत. मी महिन्यातून एकदा, उन्हं उतरल्यावर जायचो, चहा घ्यायचो आणि पाचची बस पकडायचो. अजून एक तास थांबा, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि आपणहून थांबावं हे मला सुचलं नाही.

घराची किल्ली आता माझ्याकडे असते. परवा प्रकाशचा फोन आला. घराला गिऱ्हाईक मिळालंय, पण बैठक पांढरी करून द्या म्हणतात. "काका, तेवढं बघाल का?" मी बरं म्हणालो. काल हिंगणीला गेलो, कुलूप काढलं, खिडकी उघडली. दुपारचं ऊन आत आलं तशी सगळी खोली उजळून निघाली. या वेळेला ती अशी दिसते, हे मी एवढ्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. पाचची बस गेली, सहाची गेली. मी बसून राहिलो... शालिकरामला अजून निरोप दिलेला नाही.