कोणाकडे उतरायचं?

रिटायर झालो त्याच्या तिसऱ्या दिवशी मी घरात जाहीर केलं, की हरभरा निघाला की आपण दोघं भारत पाहायला निघायचं. जाहीर केलं म्हणजे काय, तर बायको ओसरीत तूर पाखडत होती, तिच्यासमोर नकाशा पसरला आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर स्वयंपाकघरातले चार डबे ठेवले. तिने आधी डबे उचलून जागेवर नेऊन ठेवले. मग नकाशाकडे पाहिलं.

नकाशा म्हणजे माझा हातखंडा विषय. चौथीच्या वर्गाला शिकवताना खडू न उचलता फळ्यावर अख्खा भारत काढायचो, पोरं तोंडात बोटं घालायची. कुठल्या राज्यात काय पिकतं, कुठली नदी कुठून निघते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण मी स्वतः एका बाजूला नागपूर आणि दुसऱ्या बाजूला पुणे, याच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही आणि सुदैवाने कोणी विचारलीही नाही.

"कोनाकडं उतराचं?" तिने विचारलं.

"कोनाकडं म्हंजे? हॉटेलात."

"तठी आपलं कोन हाये?"

"आग्र्याले ताजमहाल हाये," मी म्हटलं.

"तो काय जेवाले वाढनार हाये का?" असं म्हणून तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

आमच्याकडे गावाला जाणं म्हणजे कोणाकडे तरी जाणं. लग्न, तेरवी, बाळंतपण, नव्या घराची वास्तू, एवढ्यासाठी माणूस बाहेर पडतो आणि जिथे जातो तिथे दारात कोणीतरी पायावर पाणी घ्यायला तांब्या देतं. आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या स्टँडवर ओळखीचं माणूस भेटलं तर ते 'कुठं चालले' असं विचारत नाही, 'कोनाकडं चालले' असंच विचारतं. नुसतं पाहायला म्हणून परक्या मुलखात जायचं, परक्या अंथरुणावर झोपायचं, हे तिच्या डोक्यात बसेना. मी तिला हॉटेलांचे फोटो दाखवले. पांढऱ्याशुभ्र चादरी पाहून तिने एवढंच विचारलं, की या रोज कोण धुतं.

मी काही हार मानणाऱ्यातला नाही. दोनशे पानी वही आणली, तीन रंगांचे पेन आणले आणि आखणी सुरू केली. आग्रा, दिल्ली, अमृतसर, तिथून राजस्थान, मग खाली थेट कन्याकुमारी. रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधी सुरू होतं, म्हणजे माझ्या हिशेबाने येत्या गुरुवारी सकाळी तिकिटं काढायला हवी होती. गुरुवार गेला की जागा गेल्या, आणि उन्हाळा लागला की आमची निघायची सोय गेली. एकट्याने जायचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. मी नोकरीपायी कधी आसेगाव, कधी मालेगाव असा खोली करून राहिलो, शनिवारी मोटारसायकलवर घरी यायचो आणि सोमवारी पहाटे परत जायचो. केनवडच्या अलीकडचं आमचं पाच एकर वावर, गाय, घर, माझे आईवडील, दोन्ही पोरं, सगळं या बाईने सांभाळलं. मला आदर्श शिक्षक वगैरे म्हणून शाल मिळाली तेव्हा टाळ्या वाजवायलाही ती आली नव्हती, कारण त्या दिवशी सोयाबीन काढणीला मजूर लागले होते. तेव्हा हा प्रवास तिच्याशिवाय करायचा तर मग कशाला करायचा, असं मला वाटत होतं. पण हे तिला कधी तोंडाने बोलून दाखवलं नाही, ही माझी चूक.

बातमी गावात पसरलीच. माझा चुलतभाऊ बुधवारी सकाळी येऊन बसला. चहा पिऊन झाल्यावर वहिनीला म्हणाला, "तुमी जा बिनधास्त. गायीचं मी पाह्यतो. हरभऱ्यामागं वावरात जे काय करनं हाये ते बी मी करून घेतो." धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, वादावरून या माणसाशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो. आणि तो स्वतःहून दारात येऊन बसला होता. मी त्याचे आभार मानायला लागलो तर त्याने हात झटकला आणि येताना अमृतसरचे पापड आण म्हणाला.

म्हणजे आता तिला सबब उरली नव्हती. तरी ती 'नाही'च म्हणाली. "तुमी जाऊन या. मले काई तठी करमनार नाई."

माझी सटकली. मास्तरकीची सवय, आवाज चढायला वेळ लागत नाही. "तुही दुनिया म्हंजे चूल अन् वावर! देश केवढा हाये, त्यात कोन कोन राह्यते, काय बोलते, काय खाते, तुले काई घेनं हाये का?"

ती शांतपणे म्हणाली, "नसंल." आणि विळा घेऊन वावराकडे निघून गेली.

बोलून बसल्यावर माझं मन मलाच खाऊ लागलं. तासाभराने भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून मी वावरात गेलो. तिचा डबा घरीच राहिला होता, म्हणजे जायला निमित्त होतं. ती बांधावर गायीसाठी गवत कापत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "खोलीत ठेवा."

वावरातली खोली म्हणजे टिनाची एक छोटी जागा. मोटारचं स्टार्टर, खताच्या पिशव्या, फवारणीचा पंप आणि एक बाज. मी भाकरी ठेवली, उन्हं आत यायला लागली म्हणून दार ओढून घेतलं, आणि दाराच्या मागच्या बाजूवर माझी नजर गेली. फळ्यांवर कोळशाने फोननंबर लिहिलेले होते. एकाखाली एक, आडवेतिडवे, काही पुसट झालेले, काहींवरून पुन्हा गिरवलेलं. अक्षरं वेगवेगळ्या हातांची. एक ओळ गुजरातीत होती. एका नंबरापुढे जे लिहिलं होतं ते मला वाचताच येईना, बहुतेक तमिळ असावं.

ती गवताचा भारा टाकून आत आली तेव्हा मी अजून दारापुढेच उभा होतो. "हे कोनाचे?"

"येनारे-जानारेइचे," ती म्हणाली. "पुन्यांदा काम पडलं तं फोन कराले म्हनून लिहून गेले."

मग जेवता जेवता तिने सांगितलं. गुजराती ओळ मेंढ्यावाल्या काठेवाडी बाईची. पीक निघालं की त्यांचा कळप आमच्या वावरात बसायचा, लेंड्यांचं खत व्हायचं. ती बाई दुपारी गोधडीवर टाका घालून आरसे बसवायची, माझ्या बायकोला तिने तो टाका शिकवला होता. घरी माझ्या अंगावर असते ती गोधडी तिच्याच हाताखाली झालेली, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याच्यापुढचं वाचता येईना तो नंबर बोरवेल खोदणाऱ्या तामिळ गाडीवाल्यांचा. ते लोक हिच्याकडे सारखी चिंच मागायचे, कशातही पिळायचे. "पान्याले ते तन्नी म्हनतात," ती म्हणाली. "बोर लागलं तवा नाचून राह्यले होते, तन्नी तन्नी करून."

मी तीसेक वर्षं शिकवलं: तामिळनाडू, मुख्य पीक भात. पाण्याला तिथे काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

"अन् हा?" सगळ्यात ठळक नंबरावर मी बोट ठेवलं.

तो पंजाबच्या हार्वेस्टरवाल्याचा होता. सोयाबीनच्या दिवसांत मशीन घेऊन आला आणि तापाने फणफणला. बाकीचे पुढच्या गावाला मशीन घेऊन गेले, तो इथेच या बाजेवर पडून राहिला, चार दिवस. हिने मुगाची खिचडी केली, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, चुलतभावाच्या गाडीवर बसवून दवाखान्यात धाडलं. जाताना पाया पडला आणि हा नंबर इतका मोठा लिहून गेला. या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली असतील. मी तेव्हा शाळेवर होतो.

"मंग तू काहून म्हनते, आपलं कोनी नाई म्हनून?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला. "ते आपले कायचे? कामाले आले होते, गेले. मले आठवन हाये, त्यायले असंल का? अन् आपन केलं म्हनून त्यायच्या दारात जाऊन उभं राहाचं का? केलेलं बोलून दाखवाचं का?"

तेव्हा मला तिची अडचण कळली. तिला परका मुलूख नको होता असं नव्हतं. त्या मुलखात आपण कोणाच्या लक्षात नसलो तर, याची तिला भीती होती. सकाळी मी तिला जे बोललो ते आठवून मला तिथल्या तिथे लाज वाटली आणि मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "खा आता."

मी म्हटलं, "उतराले नाई जाऊ. फक्त इचारू, कसे हायेत."

माझ्याच मोबाइलवरून लावला. आधी काठेवाडी बाईचा. हा क्रमांक अस्तित्वात नाही. बोरवाल्यांचा लावला, तो दुसऱ्याच कोणाला तरी लागला आणि त्याने चिडून ठेवून दिला. तिने भाकरीचं फडकं गुंडाळायला घेतलं. "झालं ना? चाला घरी."

तिसरा नंबर लावताना खरं सांगायचं तर माझीही हिंमत होत नव्हती. घंटी वाजत राहिली. ठेवणार इतक्यात आवाज आला, "हां जी, कौन?"

मी स्पीकर लावून फोन तिच्यापुढे धरला. ती गडबडली. हिंदी तिची यथातथाच. "मैं... वाशीमसे. केनवडके इदर. तुम बीमार पडे थे ना, खोलीमें? मुगकी खिचडी..."

पलीकडे काहीच आवाज नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'मी सांगितलं होतं ना' असं काही नव्हतं, नुसतं वाट पाहणं होतं.

"माताजी?" तो म्हणाला. आणि मग फोन हातात तसाच ठेवून तो कोणाला तरी हाका मारत धावत सुटला. कोंबड्यांचा, दाराचा, ट्रॅक्टरचा आवाज आला. नंतर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला आणि तो थांबेचना. ठेठ पंजाबी. मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. एवढं कळलं, की ती रडते आहे आणि परमेश्वराचं नाव घेते आहे. इकडून माझी बायको वऱ्हाडीत बोलत होती. "हो माय. नाई बाप्पा, मी काय केलं. तब्येत कशी हाये तुमची? गुडघे दुखतात का?" दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि एकमेकींना बरोबर उत्तरं देत होत्या, असं मला वाटलं. दहा-बारा मिनिटं हे चाललं.

मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हे मले सारखं पुत्तर म्हनून राह्यली. पूत म्हंजे तं पोरगा ना? तिले कोन वाटून राह्यलं मी?"

पलीकडे त्या माणसाने ते ऐकलं असावं. तो हसून हिंदीत म्हणाला, "माताजी, हमारे यहाँ बेटी को भी पुत्तर बोलते हैं. बेबे पूछ रही है, घर कब आओगे?"

बेबे म्हणजे त्याची आई. माझ्या बायकोची आई जाऊन अकरा वर्षं झाली. भावांनी घर विकलं आणि दोघं दोन शहरांत गेले. तेव्हापासून दिवाळीला ती कुठे गेली नाही, आणि आपल्याला जायला जागाच उरली नाही असं तिने कधी म्हटलंही नाही. मी शनिवारी घरी यायचो, जेवायचो, वर्तमानपत्र वाचायचो. मला कधी सुचलं नाही, की हिला पुत्तर म्हणणारं आता जगात कोणी नाही. ते माणूस तिनेच मिळवून ठेवलं होतं, मुगाच्या खिचडीवर, आणि मी नकाशात शोधत बसलो होतो. मला फार भरून आलं. त्या म्हातारीचे उपकार मी कसे फेडणार?

"येतो माय," तिने फोनमध्ये म्हटलं. "हरभरा निघाला की येतो."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सकाळी सकाळी मी मोबाइल घेऊन बसलो, ती शेजारी पाटावर. तिचं नाव भरलं, वय भरलं. आग्र्याला मध्येच दोन दिवस उतरू, असं मी भीत भीत सुचवलं.

"उतरू ना. पाहू तुमचा ताजमहाल," ती म्हणाली. "पन एक सांगून ठेवतो, गुरुजी. पंजाबले गेल्यावर मले चहा मांड, कपडे कुठं हायेत, असलं काई म्हनाचं नाई. माहेरी आलेल्या पोरीले कोनी काम सांगत नसते."

मी कबूल झालो आणि तिच्यासाठी खालची बर्थ मागितली.