काकांचे पहिले मत

"हे कुठल्या कलमात लिहिलंय?" असे विचारताना काका चष्मा कपाळावर सरकवत, जणू उत्तर त्यांना तिथल्या तिथे, डोळ्यांशी धरून वाचायचे होते. कचऱ्याचा डबा आता बुधवारी बाहेर ठेवायचा ही बातमी असो, की कारखान्यात नवा व्यवस्थापक येणार ही कुजबुज असो, प्रश्न तोच. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्यापुढे आपण तोंड उघडण्याआधीच आरोपी असतो.

आयर्लंडमधल्या नावन गावातल्या आमच्या वसाहतीत ते माझ्यापासून चार दारांवर राहत आणि आम्ही एकाच औषध कारखान्यात काम करत असू. मी उत्पादनाच्या चाचण्या करणारी, ते गुणवत्ता विभागातले. माझा प्रत्येक अहवाल त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकत नसे. मला लवकर वरच्या पदावर जायचे होते, त्यामुळे त्यांच्याशी जमवून घेणे भाग होते. रोज सकाळी ते माझ्या गाडीतून येत आणि वाटेत विषय एकच असे: अमेरिकेची राज्यघटना.

"लिहिणाऱ्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून ती टिकली," ते म्हणत. "ऐन उन्हाळ्यात खिडक्या लावून भांडत बसले होते, बाहेर शब्द फुटू नये म्हणून. विश्वासावर देवळं चालतात गं, देश नाही."

"काका, देवळातसुद्धा दानपेटीला कुलूप असतं."

यावर ते इतके खूश झाले, की हे वाक्य माझ्या नावासकट आठवडाभर कँटीनमध्ये फिरत होते.

मताधिकारावर ते विशेष रंगत. मूळ मसुद्यात तो हक्क जवळजवळ नव्हताच. पुढे एकेका गटाने भांडून मिळवला. एके काळी तिथल्या कित्येक राज्यांत नागरिक नसलेले परदेशीही मत देत. नंतर ते दार बंद झाले. हे सगळे ते घडाघडा सांगत. मात्र ज्या अमेरिकेत त्यांनी उमेदीची वर्षे काढली, तिथल्या स्वतःच्या आयुष्याबद्दल चकार शब्द नाही. ना शेजारी, ना बर्फ, ना सोडलेले घर. माहितीच्या तक्त्यातून नेमका एकच स्तंभ गाळलेला असला, की मला दुसरे काही दिसत नाही.

"तिकडे काहीतरी भानगड केली असणार," मराठी मंडळाच्या सहलीत एक बाई म्हणाल्या. मला ते पटले.

मग काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक संस्थेच्या, निवडणुका आल्या. विजेच्या खांबांवर हसरे चेहरे टांगले गेले आणि उमेदवार दारोदार फिरू लागले. मी काकांचे ड्रिल यंत्र परत करायला गेले होते, तेव्हा एक लालबुंद गालांचे आयरिश गृहस्थ फाटक उघडून आत आले आणि मत मागू लागले.

"मी नागरिक नाही," काका म्हणाले.

"नसलात म्हणून काय! इथे राहता ना? मग काउन्सिलसाठी तुम्हाला मत आहे. नाव तेवढं नोंदवा, की झालं, ग्रँड!"

काकांनी दार लावून घेतले. त्यांचा हात कडीवरच राहिला. त्याच संध्याकाळी वसाहतीतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप समूहावर त्यांचा संदेश आला: "हा सापळा आहे. कोणीही नाव नोंदवू नये." घटना तोंडपाठ असलेला माणूस सांगतो म्हटल्यावर सगळ्यांनी अंगठ्याचे चिन्ह टाकून मान्यता दिली.

मला राग आला. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करण्याआधीच मी विचारले, "काका, हे कुठल्या कलमात लिहिलंय?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"तिकडे गाडीचा परवाना काढायला गेलो होतो," ते म्हणाले. "खिडकीतल्या बाईनं सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, मतदार म्हणून नाव घालू का? अगं, इतक्या वर्षांत त्या देशानं मला काही विचारलंच नव्हतं. मी हो म्हणालो."

"पण तुम्हाला तर सगळी कलमं पाठ होती!"

"तेव्हा नव्हती. नंतर केली."

त्यांनी मत दिलेच नव्हते. पण तेवढा होकार म्हणजे नागरिक असल्याचा खोटा दावा ठरला. कायमच्या वास्तव्याचा अर्ज बुडाला आणि देश सोडावा लागला. आता आयर्लंडच्या नागरिकत्वाचा अर्ज सरकारदरबारी पडून होता.

"पुन्हा हो म्हणू? आणि फसलो, तर या वयात चौथा देश कुठून आणू?"

ही हकीकत फारच चपखल बसते आहे, असा संशय तेव्हाही माझ्या मनात येऊन गेला. पण त्यांचे हात मांडीखाली दाबून धरलेले होते आणि ते नाटकातले वाटत नव्हते.

मी तिथूनच काउन्सिलच्या कार्यालयात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडच्या बाईंनी सांगितले, की इथे राहणाऱ्या कोणालाही स्थानिक निवडणुकीत मत आहे आणि त्याने नागरिकत्वाच्या अर्जाला काहीही बाध येत नाही.

"हसली का ती?" फोन ठेवून मी गाडी सुरू केली, तेव्हा काकांनी विचारले.

"थोडीशी."

"हसणारा अधिकारी मला धोक्याचा वाटतो."

"तुम्ही एका देशाचं कलम दुसऱ्या देशाला लावताय. एका यंत्राची मर्यादा मी दुसऱ्या यंत्राच्या अहवालात घातली असती, तर सही दिली असतीत?"

चौक मागे पडला. "नसती दिली," ते म्हणाले.

संध्याकाळी समूहावर दुसरा संदेश आला: "कालचे विधान मागे घेतो. नावे नोंदवा." कारण दिले नव्हते आणि मीही कोणाला सांगितले नाही.

मतदान शाळेच्या वर्गात होते. दोरीला बांधलेली पेन्सिल पाहून काका दचकले. "पेन्सिल? खोडून टाकली म्हणजे?" दारातल्या पोलिसाने शांतपणे सांगितले, की स्वतःचे पेन वापरले तरी चालेल. इथे आवडीच्या क्रमाने उमेदवारांना क्रमांक द्यायचे असतात. मी तिघांना देऊन बाहेर आले. काका आले ते फार उशिरा, सगळ्यांना क्रमांक देऊन. पहिला कोणाला, हे मी विचारले. "मतदान गुप्त असतं," ते म्हणाले, आणि लाजले.

पुढे त्यांना नागरिकत्व मिळाले आणि ते कामासाठी एनिस या दुसऱ्या गावी गेले. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ माझ्या अहवालांवर न वाचता सही करतात. तेव्हापासून मला माझ्याच अहवालांचा संशय येऊ लागला आहे.

मला काका आठवतात ते त्या निवडणुकीच्या मतमोजणीच्या सभागृहात. त्या लालबुंद गालांच्या उमेदवारांनी त्यांना आत जाण्याचा पास दिला होता आणि काकांनी रजा काढली होती. कठड्याला पोट टेकवून ते मोजणाऱ्यांच्या बोटांवर नजर ठेवून होते. दुपारी ध्वनिक्षेपकावर जाहीर झाले, की सर्वांत कमी मते पडल्याने ते गृहस्थ स्पर्धेतून बाद झाले आहेत. मी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला.

टेबलावरची एक मुलगी बाद उमेदवाराचा गठ्ठा उघडून एकेक मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराच्या खणात ठेवत होती.

"तो हरला," काका कुजबुजले. "माझं मत नाही हरलं. ते बघ, अजून चाललंय."