कातरलेल्या शेपट्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधात बोट बुडवून बघणारी, तराजूच्या पारड्याखाली हात फिरवून बघणारी बाई मी. आमचे हे म्हणायचे, "तुझ्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो माणसाला खाऊनच बाहेर पडतो." तेव्हा मला राग यायचा. आता येत नाही.

साक्रीच्या अलीकडे आमचं शेत. रस्त्यासाठी मुरूम काढून नेला, त्याचा मोठा खड्डा आमच्या बांधाला राहिला आणि पाझराने त्यात बारमाही पाणी साठलं. गावात नुकतीच रविवारी सकाळी टीव्हीसमोर गर्दी व्हायला लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. धुळ्याहून कॅनमधून चिलापी माशाची पिल्लं आणून आम्ही त्या पाण्यात सोडली. राखायला आणि जाळं ओढायला भोई वस्तीतले नाना यायचे. साठीचे, बोलणं मोजकं, खांद्याला कायम एक खाकी थैली. पहिली दोन वर्षं मासा असा भरायचा की ओंजळीत मावायचा नाही. आठवडे बाजारात सगळ्यांच्या आधी माझी पाटी रिकामी व्हायची. काय ताठा होता मला त्याचा!

मासे निवडायचे मीच. पहाटेच्या अंधारात जाळं काठाला आलं की हाताला मोठा लागला तो पाटीत, लहान लागला तो परत पाण्यात. "जा बाई, वाढ आणि मग ये," म्हणून सोडून द्यायचे. नाना काहीतरी सांगायला तोंड उघडायचे आणि माझा चेहरा बघून गप्प बसायचे.

चार-पाच वर्षांत मासा खुजा व्हायला लागला. आधी तळहाताएवढा, मग त्याहूनही कमी. पाणी तेच, कोंडा तोच, पेंड तीच. मग मोठे मासे जातात कुठे? माझी नजर नानांच्या थैलीवर गेली. त्यांची बहीण त्याच बाजारात मासे विकायला बसायची. झालं! मला आणखी काय हवं होतं?

नाना एका लग्नाला चाळीसगावला गेले, तेव्हा मी डाव साधला. काठाला पेंड टाकली की मासे गोळा व्हायचे. त्यातले मोठे मोठे अकरा मासे हातजाळ्यात धरले आणि शिवणाच्या कातरीने प्रत्येकाच्या शेपटीचं टोक कातरून सोडून दिले. कोणाला काही बोलले नाही. मग दर बाजारी भाव विचारायच्या निमित्ताने नानांच्या बहिणीची पाटी चाळायचे. शेजारच्या पाट्याही सोडल्या नाहीत. कातरलेली शेपटी कुठेच दिसेना. शहाण्या बाईचा संशय तिथेच फिटला असता. माझा वाढला. म्हटलं, बघा कसे पक्के आहेत, माल परगावी पाठवतात!

तीन बाजार झाल्यावर मी सगळं पाणी जाळ्याने ओढायला लावलं. खुणेचे दोनच मासे निघाले. नऊ गायब. बांधावर चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत मी नानांच्या खांद्यावरून थैली ओढली आणि जमिनीवर उलटी केली. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तंबाखूची पुडी पडली.

"आज नाही नेलेत. हुशार आहात," मी म्हणाले.

नाना खाली बसले. भाकरीची माती फुंकून त्यांनी ती थैलीत ठेवली, जाळं माझ्या पायाशी ठेवलं आणि निघून गेले.

पुढच्याच बाजारात खानावळवाली बाई आली. माझं ठरलेलं गिऱ्हाईक. पाटीवरचं ओलं पोतं बाजूला सारत म्हणाली, "का हो अक्का, तुमच्या माशांच्या शेपट्या उंदीर खातात का? गेले तीन बाजार बघतेय, दोन-तीन तरी तुटक्याच निघतात."

सगळ्या बाजाराच्या पाट्या मी चाळल्या होत्या. माझी तेवढी राहिली होती, कारण ती मी माझ्या हाताने, अंधारात चाचपून भरली होती.

तशीच उठून नानांच्या दारात गेले. चुकले म्हणाले, रडलेही. ते माझ्याबरोबर पाण्यावर आले. मी 'लहान' म्हणून सोडून द्यायचे तसली एक चिलापी त्यांनी धरली आणि बोटाने तिचा जबडा हलकेच उघडला. तोंडातून त्यांच्या ओल्या तळव्यावर जिऱ्याएवढी पिल्लं सांडली. पंधरा-वीस तरी असतील, वळवळणारी.

"हाई पोर नही शे, अक्का. हाई माय शे," नाना म्हणाले. "मोठा मासा बठ्ठा तूच इकी टाकस. मंग खुज्यासनं बी खुजंच व्हई. बाजरीनं बी तू असं धरस का?"

दर वर्षी मळणीआधी बाजरीची भरदार कणसं मी स्वतः निवडायचे, बियाण्यासाठी आढ्याला बांधायचे, त्यांना कोणाला हात लावू द्यायचे नाही. आणि इथे पाच वर्षं उत्तम तेवढं विकून खाल्लं होतं, बियाण्याला खुजं तेवढं ठेवलं होतं.

"आधी का नाही बोललात, नाना?"

"तू बोलू देस का?"

ते कामावर परत आले. शेजारी एक लहान खड्डा खणला. मोठ्यांतले मोठे निवडून नाना त्यात ठेवायचे आणि त्यांचीच पिल्लं मोठ्या पाण्यात सोडायचे. खुजे सगळे बाजारात जायचे, गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली तरी. पाण्यातली गर्दीही कमी झाली. तीन-चार वर्षांत मासा पुन्हा ओंजळीत मावेनासा झाला.

पण परत आल्या दिवसापासून रोज संध्याकाळी निघताना नाना माझ्यासमोर उभे राहायचे, थैली उलटी करायचे आणि दोनदा झटकायचे. "नाना, नका हो असं करू," मी हात जोडून म्हणायचे. ते मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा झटकायचे. अंथरुणाला खिळेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.