लाकडाचा फोटो

लाकडाचा कोणताही तुकडा हाती आला की नाना मिस्त्री तो प्रथम नाकाशी नेत. सागाचा वास आला तर डोळे मिटत; न आला तर ताटात झुरळ निघाल्यासारखे तोंड करीत. सारंगखेड्यात अशी नाके आता उरली नाहीत. नानाही उरले नाहीत.

मुलाच्या हट्टाखातर वरच्या खोलीत लाकडी जमीन करायची ठरली. मी निवृत्त शिक्षक; नमुने मागवून वहीत रकाने आखले. भरीव सागवान, प्लायवर सागाची पातळ पापडी चिकटवलेली पट्टी, लॅमिनेट, विनाईल आणि लाकडी नक्षीची टाइल. रंग, टणकपणा, पायाला लागणारा स्पर्श, सर्वांना गुण दिले. लॅमिनेट पहिले आले.

नानांनी ते हुंगले आणि दाराबाहेर जाऊन थुंकले.

"हाई लाकूड नही, गुरुजी. लाकूडना फोटू शे. खाले नुसता भुसा दाबेल शे."

वाचकहो, हे अक्षरशः खरे आहे. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या भुशाची पाटी. वर लाकडाचे छापील चित्र आणि त्यावर पारदर्शक थर. तरी मी म्हणालो, "नाना, या घरातल्या लाकूडकामाला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. तुम्हीच बसवा."

नानांनी पाटी किळसून बाजूला सारली. "मन्हा कामले आजपावत कोन्ही नाव ठेवं नही. आते ठेवतीन."

तरीही त्यांनी सांध्यात नख शिरणार नाही इतक्या नेटकेपणाने ती बसवली. जाताना पत्नीला बजावले, "वयनी, आठे पानी वतू नका. फडकं बी घट्ट पिळीसन."

आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी घर पुसत नाहीत, धुतात. पत्नीने तीन बादल्या ओतल्या. "सणले कोरडं घर बरं दिसंस का?" खराट्याने पाणी लोटणारा मीच होतो.

तिसऱ्या दिवशी सांधे पापडासारखे फुगले. खोलीला आंबलेल्या कण्यांसारखी घाण सुटली. सणाला आलेल्या आत्याबाईंनी पदर नाकाला लावून निकाल दिला, "नाना आते थकी ग्या. हाई का काम शे?" दुसऱ्या दिवशी हेच वाक्य मला बाजारात ऐकू आले.

नाना आले. अंगठा दाबताच पाटीतून ओला लगदा वर आला. तो त्यांनी धोतराला पुसला नाही. खाली जाऊन दोनदा हात धुतले.

"चूक माझी, नाना. पाण्याचा रकाना मी आखलाच नव्हता. आता सागवान टाकू या?"

"ना. ज्या घरमा बादल्या वततस, तठे साग बी नको. टाइल बसाडा."

"तुम्ही बसवाल?"

"टाइल मन्हं काम नही."

त्यांनी सगळ्या पाट्या उखडून हातगाडीवर रचल्या. मी मागची गल्ली सुचवली. ते भर बाजारातून निघाले. मी मागोमाग. चहाच्या टपरीवरून कोणी तरी हाक मारली, "नाना, कोन्हं काम शे हाई?"

माझे तोंड उघडले होते.

"मन्हंच," नाना म्हणाले आणि गाडी ढकलू लागले.

टपरीवरचे हसले. आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवलेला मी, उघडलेले तोंड मिटून त्यांच्या मागे चालत राहिलो.