मावसाजी आणि आईची तीन नाणी

आमच्या मावसाजींना रस्त्यात येताना पाहून दुकानाची फळी लावून घ्यावी, असं ज्याला कधी वाटलं नाही असा सोनार त्या काळी अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नसेल. मावसाजी म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी, तिथल्याच क्वार्टरमध्ये बिऱ्हाड, आणि अंगात अशी चुळबुळ की जेवायला पाटावर बसले तरी वरणभात संपेपर्यंत ते दारात पोचलेले असत आणि ताक अंगणात उभ्यानं पीत. लग्नाला गेले की आधी आचाऱ्याजवळ, मग वाजंत्र्यांजवळ, मग बैलगाड्या सोडल्या होत्या तिकडे. अक्षता पडायच्या वेळी नेमके रस्त्यावर. मावशी लग्नघरच्यांना आधीच सांगून ठेवायची, "याईले खुर्ची देऊ नका. खुर्ची फुकट जाते."

अशा माणसाच्या हाती सत्तरच्या दशकात तीन सोन्याची नाणी आली. त्यांची आई अड्याळला वारली. तेरवी झाल्यावर देव्हारा आवरताना हळदीकुंकवानं माखलेली एक डबी निघाली, आणि तिच्यात ही नाणी. एकावर घोड्यावरचा वीर होता. आई त्याला खंडोबा समजून पूजत असे. दुसरं पातळ, वर कडी लावलेलं, त्यावर दोन आकृत्या, ते राम-सीता. तिसरं चांगलं जाड, पण त्यावर नुसती वळणदार अक्षरं. ती देवाचीच भाषा असणार, असं ठरवून म्हातारीनं त्यालाही कुंकू लावलं होतं.

मुलंही तीनच. मावसाजी थोरले, धाकटा भाऊ अड्याळला शेती करणारा, आणि बहीण सानगडीला दिलेली. बहीण म्हणाली, एकेक घ्या आणि मोकळे व्हा. पण मावसाजी अडून बसले, म्हणजे येरझारा घालू लागले. नाणी सारखी नाहीत, मग वाटणी सारखी कशी होणार? "आईनं तिघाईले सारखं वाढलं," ते म्हणाले. "आधी कोनती काय हाये ते पाहू द्या. मंग वाटू." आठवड्याभराचं काम आहे असं समजून दोघांनी मान डोलावली. त्या आठवड्याला पुढे कित्येक वर्षं लागली.

घोडेस्वाराचं कोडं लवकर सुटलं. भंडाऱ्याच्या पहिल्याच सोनारानं ती गिन्नी असल्याचं सांगितलं आणि उलटून मागचा इंग्रजांच्या राणीचा मुखडाही दाखवला. आईनं जन्मभर राणीला हळद वाहिली, याचं मावसाजींना दोन दिवस वाईट वाटलं. खरी पंचाईत दुसऱ्या दोन नाण्यांची. सोनार म्हणे, कसोटीवर घासून पाहतो. मावसाजी म्हणत, घासायचं नाही. मग कस कळणार कसा? ते तुमचं काम, असं म्हणून मावसाजी नाणी उचलून पुढच्या दुकानात. एकानं जाड नाण्यात तांबं आहे म्हटलं, दुसऱ्यानं ते शुद्ध ठरवलं, की मावसाजी पहिल्याकडे जाऊन दुसऱ्याचं मत सांगत आणि दोघांची भांडणं लावून तिसऱ्याकडे निघत.

नाणी ते कमरेला करगोट्यात बांधून नेत आणि दर थोड्या वेळानं चाचपून पाहत. एकदा मी त्यांच्यासोबत एस.टी.त होतो. शेजारच्या म्हातारीनं बराच वेळ पाहिलं आणि मोठ्या मायेनं त्यांना खरजेवरचा पाला सांगितला. घरी असताना नाणी तांदळाच्या कोठीत असत, तिथून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, तिथून सायकलच्या सीटखाली. जागा इतक्या वेळा बदले की शेवटी नाणी त्यांनाच सापडत नसत. मग सगळं क्वार्टर उलथंपालथं होई आणि नाणी कमरेलाच निघत.

या सगळ्याला आम्ही हसत होतो, पण अड्याळला कोणी हसत नव्हतं. धाकट्या भावाला आधी कंटाळा आला, मग शंका आली. एवढे दिवस नाणी कोणी उगाच ठेवतं का? खरी विकून खोटी आणून देतील, असं तो बाजारात बोलल्याचं मावसाजींच्या कानावर आलं. त्या वर्षी पोळ्याला त्यानं बोलावणं धाडलं नाही. मावसाजी त्या दिवशी पहाटेपासून क्वार्टरभोवती फिरत होते. मी म्हटलं, देऊन टाका ना एकदाची. ते थांबले. "आता अशीच देली त तो म्हनंल, बोललो म्हनून देली," ते म्हणाले. "पक्कं मालूम झाल्याबिगर मले जाता येत नाही."

अखेर नागपूरला जुन्या नाण्यांचा नाद असलेले एक निवृत्त वकील भेटले. मला मावसाजींनी साक्षीदार म्हणून नेलं होतं. वकीलसाहेबांनी भिंगातून पाहून सांगितलं की पातळ नाणं म्हणजे पुतळी. सोनं चांगलं, पण कडी डाग देऊन जोडल्यानं आता तो दागिना झाला, संग्राहक त्याला फार विचारणार नाही. जाड नाणं मात्र मोगलांची मोहर. अक्षरं फारसी. ठसा नाण्याहून मोठा असल्यानं टांकसाळीच्या गावाचं नाव बहुधा काठाबाहेर जातं. इथे ते पूर्ण उमटलं होतं, आणि त्या टांकसाळीची मोहर क्वचितच दिसते. सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट किंमत येईल. घासलं नाही ते बरं केलंत, असंही ते म्हणाले. मावसाजी जिन्यावरून तीनदा वरखाली झाले.

पुढच्याच रविवारी अड्याळला भावंडं जमली. मावसाजींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मोहर सर्वांत भारी हे दोनदा सांगितलं, आणि म्हणाले, लहानांनी आधी घ्यावं. बहिणीनं विचार न करता पुतळी उचलली. आईच्या गळ्यात ती पाहिलेली आठवते, एवढंच बोलली. मग भावानं हात पुढे केला. मोहरेवर तो घुटमळला. पण भिंग, फारसी, टांकसाळ यांवर त्याचा विश्वास बसेना; एवढं पढवून गळ्यात मारताहेत म्हणजे त्यात काही खोट असणार. त्यानं गिन्नी घेतली.

मोहर मावसाजींकडेच राहिली. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. नको, नको, पुन्हा वाटू, असं म्हणत ते अंगणात गेले, घराला वळसा घालून आले, पुन्हा गेले. बहीण दारात जाऊन उभी राहिली. "भाऊ, तुलेच मिळाली ते बरं झालं," ती म्हणाली. "आमी त डबी उघडून मोकळे झालो. तू तिले घेऊन हिंडला."

धाकटा भाऊ बराच वेळ गिन्नीकडे पाहत होता. मग तो उठला, घरातून सतरंजी आणली, ओसरीवर अंथरली आणि खाली पाहतच म्हणाला, "बस आता, भाऊ."

मावसाजी बसले.

मोहर त्यांनी विकली नाही. ऐंशी सालानंतर नाण्यांचे जाणकार म्हणून त्यांची ख्याती झाली आणि गावोगावचे लोक आपापली नाणी घेऊन जवाहरनगरला येऊ लागले. बहुतेक पितळ, फार तर चांदी. एकदा साकोलीकडची एक बाई फडक्यात बांधून सासूचं नाणं घेऊन आली. मावसाजींनी पाहिलं. मुलामा दिलेलं तांबं होतं, मलाही कळलं. तिची नजर त्यांच्या तोंडावर खिळलेली. किंमत सांगायच्या आधी त्यांनी सासूबाई कशा होत्या ते विचारलं. बाई सांगू लागली. धानाच्या बांध्यांचं, दुष्काळाचं, सासूच्या तिखट जिभेचं. चहा झाला, बाहेर कारखान्याची बस येऊन गेली. मावसाजी नाणं तळहातावर धरून जागचे न हलता ऐकत होते, आणि बाईचं सांगणं संपू नये असं मला पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहून वाटलं.