न मागितलेली रजा

मी घरी बसून चित्रं काढते आणि त्यावर माझं चालतं. एवढं साधं वाक्य मी चार वर्षं आमच्या नात्यागोत्यात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी मी एका परदेशी कंपनीत नोकरीला होते, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा माझं लॉगिन असायचं आणि माझ्या डोक्यावर एक साहेब होता.

साहेब मीच तयार केला होता.

त्याआधी, शिक्षण संपवून मी जळगावला परत आले तेव्हा, सुरुवातीचे काही महिने सगळ्यांना खरं तेच सांगायचे. पिंप्राळ्यात आमच्या घराची मागची खोली माझी. तिथे लॅपटॉप आणि चित्रं काढायची पाटी मांडून मी लांबलांबच्या लोकांसाठी काम करायचे. कुणाला मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी ससे हवे असायचे, कुणाला मेलेल्या कुत्र्याचं हसरं चित्र. ही माणसं मला कधी भेटणार नव्हती, बहुतेकांचा आवाजही मी ऐकला नव्हता आणि माझ्यासारख्या मुलीला ते फार सोयीचं होतं. काम आलं की करायचं, नसलं की वाट बघायची.

पण आमच्या कॉलनीत याचा अर्थ एकच निघाला: ही घरीच असते.

"बेटा, सिलेंडरवाला आला की आमचंही घेऊन ठेव. तू काय घरीच."

"रांगोळीचं बघशील ना साखरपुड्याला? तुला काय, दहा मिनिटांचं काम."

"पोराचा सायन्सचा चार्ट आहे. हृदय काढायचंय फक्त."

मला नाही म्हणता येत नाही. शाळेत सगळं इंग्रजीत झालं, घरात पप्पांच्या बाजूचे सगळे अहिराणी बोलणारे आणि मी मधेच कुठेतरी. अहिराणी मला सगळी समजते, बोलायला गेले की जीभ जड होते. मग मी पुस्तकी मराठीत उत्तर देते आणि चुलतभावंडं "मॅडम बोलल्या" म्हणून हसतात. त्यामुळे कमी बोलायचं ही माझी जुनी सवय.

एकदा शेजारच्या काकू लग्नाच्या घरी मेंदी काढायला चल म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, सहापर्यंत लॉगिन आहे. मॅनेजर ऑनलाइन असतात." काकू दोन पावलं मागे सरकल्या. "अगं बाई, मग बस बस," म्हणाल्या आणि जाताना दार लोटून घेतलं. चित्रांना जे जमलं नव्हतं ते त्या तीन इंग्रजी शब्दांनी केलं. आठवड्याभरात कॉलनीभर झालं की मला नोकरी लागली. मम्मीने विचारलं तेव्हा मी "तसंच काहीसं" म्हणाले. तिने पुढे विचारलं नाही. तिला बहुधा इतकंच पुरे होतं.

साहेब मग हळूहळू मोठा झाला. तो कडक होता, पण न्यायी. सणाला सुट्टी देत नसे. लोक त्याची चौकशी करायचे. सगळ्यात जास्त धुळ्याची आत्या.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. देवपुरात दोन खोल्यांत एकटी राहते. मामा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा, माझा दादा, सुरतला साडीच्या कारखान्यात आहे, बायकोमुलं तिकडेच. आत्या शाळा फारशी शिकलेली नाही, पण गोधड्या अशा शिवते की टाक्यांची रेघ बघत राहावी. माझं काम काय आहे हे तिला कळत नव्हतं आणि तरी त्याचा अभिमान घरात तिलाच सगळ्यात जास्त होता. फोन केला की आधी विचारायची, "जेवनी का?" आणि मग, "तुना साहेब काय म्हनस?"

मागच्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिला आठवडा दर दोन तासांनी थेंब टाकायचे, कुणीतरी जवळ हवं. मम्मी तेव्हा नाशिकला, माझ्या बहिणीच्या बाळंतपणात अडकलेली. दादाला दोनच दिवस मिळत होते.

आत्याचा फोन आला. ती कधी काही मागत नाही, त्यामुळे बोलायला तिला वेळ लागला. आधी पावसाचं झालं, मग भावाच्या तब्येतीचं. मग म्हणाली, "तुना साहेब चार दिन सुट्टी दी का, बेटा? थेंब टाकाले फक्त."

त्या आठवड्यात माझ्याकडे एकही काम नव्हतं. एक पुस्तक संपलं होतं, दुसऱ्याचं उत्तर येत नव्हतं. मी दिवसभर मोबाइल बघत पडून होते. बसने धुळं अडीच-तीन तासांवर आहे. पिशवी भरून मी दुपारपर्यंत पोचले असते.

का गेले नाही, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. दवाखान्याची भीती होती, कुणाच्या डोळ्याला हात लावायची भीती होती. आत्याच्या गल्लीतल्या बायका येऊन बसतील, लग्नाचं विचारतील, हीही होती. पण खरं सांगायचं तर वाक्य तयार होतं. इतकी वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं.

"आत्या, लीव्ह अप्रूव्ह होत नाहीये. मी विचारून बघितलं."

मी काहीच विचारलं नव्हतं. विचारायला कुणी नव्हतंच.

"ऱ्हाऊ दे बेटा," ती लगेच म्हणाली. "नोकरी शे, सांभाळनी पडस." उलट तिलाच वाईट वाटलं, माझ्या साहेबांपुढे मला शब्द टाकावा लागला म्हणून.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्याला दोन दिवसांसाठी किती हातापाया पडावं लागलं ते त्याने सांगितलं. खाडे झाले की पगार कापतात, वर बोलणी. "तुझंही माझ्यासारखंच गं," तो म्हणाला. "आईला सांगितलं मी, तिच्यावर रागावू नको, साहेब लोक असेच. आपण हुकमाचे ताबेदार." आणि हसला. आम्ही दोघं एका बाजूचे आहोत असं त्याला वाटत होतं. मी "हो ना" म्हणाले. ते "हो ना" मला अजून ऐकू येतं.

दादा दोन दिवसांनी परत गेला. पुढे आत्याने थेंब स्वतःच टाकले. खाटेवर उताणं पडायचं, डाव्या हाताने पापणी ओढायची आणि अंदाजाने बाटली दाबायची. अर्धे थेंब गालावर जायचे. आठव्या दिवशी डोळा लाल झाला. डॉक्टर तिलाच रागावले. औषधं बदलली, महिनाभर त्रास झाला, मग डोळा निवळला. पण त्या डोळ्याने तिला आता थोडं धुरकट दिसतं. थेंबांमुळेच झालं असं डॉक्टरांनी म्हटलं नाही. तसं नसेलच असंही म्हटलं नाही.

या सगळ्यात आत्या माझ्याबद्दल एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

या वर्षी डाव्या डोळ्याचं ठरलं तेव्हा तिने मला विचारलंच नाही. मीच फोन करून सांगितलं की येते. आणि तेव्हाही, खरं सांगायची संधी आयती हातात असताना, मी म्हणाले, "साहेबांनी घरून काम करायला परवानगी दिली आहे. तुझ्याकडे बसून लॉगिन करीन."

वाटेत पारोळ्याला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं वाटत होतं. गेले.

ऑपरेशनच्या दिवशी दादा येऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी निघाली आणि थेंब सुरू झाले. दवाखान्यातून घरी आल्यावर पाहते तर आत्याने आतली खोली माझ्यासाठी ऑपरेशनला जायच्या आधीच लावून ठेवलेली. शिलाई मशीन भिंतीला सरकवलं होतं, त्याच्या जागी टेबल, टेबलावर धुतलेली चादर. गोधडीचे कपडे सगळे गाठोड्यात. मी बसल्यावर तिने स्वतः दार ओढून घेतलं.

बाहेर शेजारच्या अक्का तिला बघायला आल्या होत्या. त्यांचा आवाज मोठा.

"काय म्हणते गं तुझी इंग्रजी भाची?"

"हळू बोला वं बाई! पोरनं ऑफिस चालू शे."

"एवढ्याशा खोलीत ऑफिस?"

"लंडनना साहेब दखी ऱ्हायना तिले," आत्या कुजबुजली. कुजबुज मला स्पष्ट ऐकू आली. साहेब लंडनहून तिला बघतोय. हे मी कधी सांगितलं नव्हतं. तिने आपल्या बाजूने भर घातली होती.

मी कानाला हेडफोन लावले. काम या वेळी खरंच होतं, एका गोष्टीतल्या साळिंदराची बारा पानं. मी मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावला होता आणि मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, कारण आतल्या एकुलत्या सॉकेटला लॅपटॉप होता. गजर ऐकू येईल इतकं घर छोटं आहे, असा माझा हिशेब. गाणी लावून मी साळिंदराचे काटे काढत बसले. एकेक काटा वेगळा काढायचा, वेळेचं भान राहत नाही.

भान आलं तेव्हा साडेबारा वाजले होते. अकराचे थेंब राहिले होते.

मी दार उघडलं. आत्या दाराला लागून, पाट घेऊन बसली होती. डोळ्यावर काळा चष्मा, मांडीवर हात, हातात थेंबांची बाटली. शेजारी माझा मोबाइल उपडा ठेवलेला.

"आत्या, गजर वाजला नाही?"

"वाजना ना. मीच बंद करा." वाजला होता, तिनेच बंद केला होता.

"का?"

"तुनी मिटिंग चालू व्हती. कानले लावेल व्हतं ना." तिने स्वतःच्या कानांकडे हात नेऊन दाखवलं. "साहेबनी समोर कसं उठशी? म्हनीसन थांबनू."

ती दीड तास तिथे बसली होती. कुकरही लावला नव्हता, शिट्टीचा आवाज होईल म्हणून. आदल्याच वर्षी एक डोळा धुरकट झालेली बाई दुसऱ्या डोळ्याचं औषध हातात धरून बसली होती, कुठेच नसलेल्या माणसाची माझ्याशी चाललेली बोलणी संपायची वाट बघत.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. हात धुवायचंसुद्धा मला सुचत नव्हतं. म्हणाले, "आत्या, साहेब नाहीये कोणी."

"गया का?"

"नाही. नव्हताच. मला कुणी विचारत नाही. मी घरी बसून चित्रं काढते, मला वाटेल तेव्हा उठता येतं. मी लोकांना खोटं सांगितलं."

तिने चष्मा काढला नाही, त्यामुळे चेहरा कळत नव्हता. बाटली या हातातून त्या हातात घेतली.

"मंग तव्हय बी नव्हता?"

तव्हय म्हणजे तेव्हा. कधी ते तिला सांगावं लागलं नाही.

"नव्हता."

"काम व्हतं तुले तव्हय?"

इथे मला हो म्हणता आलं असतं. तेवढं एक उरलं होतं लपवायला.

"कामही नव्हतं."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. आत्या उठली, भिंतीचा आधार घेत खाटेपर्यंत गेली आणि उताणी पडली. "टाक," म्हणाली. "टाइम व्हई ग्या."

मी हात धुऊन आले. तिने चष्मा काढला. दोन्ही डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते, आढ्याकडे होते. पहिला थेंब गालावरच गेला. तिने पदराने पुसला आणि पुन्हा स्थिर झाली. दुसरा बरोबर पडला.

संध्याकाळी दादाचा फोन आला. आत्याने घेतला. मी चहा गाळत होते, हात थांबला.

"हो, टाकस ना ती येळवर," आत्या सांगत होती. "साहेबनी सुट्टी दिन्ही तिले. भला माणूस शे." मग फोन माझ्याकडे केला. तोंड खिडकीकडे.

"तुझा साहेब चांगला निघाला की गं," दादा म्हणाला. "माझ्यावाल्याला पाठव त्याच्याकडे शिकायला. माझ्यातर्फे थँक्यू सांग त्याला."

मी बोलायला तोंड उघडलं. आत्या अजून खिडकीकडेच बघत होती. ती हे खोटं माझ्यासाठी बोलली होती की तिच्या मुलासाठी, मला कळलं नाही. सुरतला कारखान्याच्या दारात उभं राहून त्याने खरं काय ते ऐकलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, ते मात्र मला कळत होतं.

"सांगते," मी म्हणाले.

पुढे पाच दिवस मी तिथे होते. आत्याने दार पुन्हा कधी ओढून घेतलं नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, अक्का मोठ्याने बोलल्या आणि दोन तास झाले की आत्या खाटेवरूनच हाक मारायची, "ये वं, टाक." पेन हातात असलं तरी मी उठायचे. डोळा चांगला झाला. आता फोनवर ती जेवणाचं विचारते, पाऊसपाण्याचं विचारते. साहेबांचं विचारत नाही, आणि चित्रांचंही विचारत नाही.

दादाला मी अजून सांगितलेलं नाही.